उपदेश न करायला शिकवणारा वर्ग

'समुपदेशन' या शब्दाच्या पोटातच उपदेश दडलेला आहे. शाळेच्या पाटीवर, कौटुंबिक न्यायालयाच्या दारावर, इस्पितळाच्या केसपेपरवर हा शब्द आता सर्रास दिसतो. त्यामुळे विद्यापीठात समुपदेशनाच्या पदविकेला किंवा एम.ए.ला नाव घालणाऱ्या विद्यार्थ्याची समजूत साहजिकच अशी असते की, चांगला सल्ला कसा द्यावा हे इथे शिकवतील. प्रात्यक्षिकाच्या पहिल्याच तासाला शिक्षक सांगतात, "हे सत्र संपेपर्यंत कोणी कोणाला सल्ला द्यायचा नाही." वर्गात हशा पिकतो. तो फार वेळ टिकत नाही.

कारण लगेच दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या जातात. एकीने आपली छोटीशी, पण खरी अडचण सांगायची आणि दुसरीने ऐकायची. समजा, पहिली म्हणते, "दिवसभर काम करून मी घरी येते आणि चप्पल काढायच्या आत सासूबाई विचारतात, आज भाजी कुठली करायची? मला अगदी रडूच येतं." समोरची मैत्रीण काय म्हणेल? "अगं, आदल्या रात्रीच भाजी निवडून ठेवत जा ना." नाहीतर, "त्यांचंही वय झालंय, एवढं मनाला लावून घेऊ नकोस." नाहीतर, "माझ्या नणंदेकडे अगदी हेच चालतं, ऐक!" तिन्ही उत्तरं आपुलकीची आहेत, आणि तिन्हींनंतर बोलणारी गप्प होते. पहिल्यात ती अव्यवस्थित ठरली, दुसऱ्यात हळवी ठरली आणि तिसऱ्यात तिची गोष्ट नणंदेची झाली. भाजीवर चर्चा झाली, रडू मात्र तसंच राहिलं.

हे एकदा लक्षात आलं की, मग खरा अभ्यास सुरू होतो. तो वाटतो तितका सोपा नाही. आपल्याकडे सर्दीपासून सोयरिकीपर्यंत सगळ्यावर सल्ला फुकट आणि न मागता मिळतो. न देणारा माणूस कोरडा, शिष्ट समजला जातो. वीस-पंचवीस वर्षं हाडीमाशी खिळलेली ही सवय सोडवणं, म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या हाताने लिहायला लावण्यासारखं आहे.

वर्गात कोणी ना कोणी हमखास विचारतंच, "पण श्रीकृष्णाने अर्जुनाला उपदेशच केला ना?" केला खरा. पण गीता नीट उघडून पाहावी. पहिल्या अध्यायाचा शेवटचा मोठा भाग अर्जुनाच्याच विषादाचा आहे. दुसऱ्याच्या सुरुवातीला श्रीकृष्ण त्याला थोडं खडसावतातही, आणि त्याने काही साधत नाही. अर्जुन 'मी लढणार नाही' म्हणून गप्प बसतो. प्रत्यक्ष शिकवण सुरू होते ती त्यानंतर, तीही अर्जुनाने स्वतः 'मला सांगा' अशी विनवणी केल्यावर. शिक्षक चतुर असला तर याच प्रश्नावर एक तास छान रंगतो.

दारापाशी वळलेली आई

या साऱ्या विद्येचा उगम शोधत गेलं, तर वाट बहुतेक वेळा कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञापाशी पोहोचते. १९०२ साली जन्मलेला हा माणूस विस्कॉन्सिन विद्यापीठात शेतीशास्त्र शिकायला गेला होता. तिथून इतिहास, मग धर्मशास्त्र असं करत शेवटी तो कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात मानसशास्त्राकडे वळला. पुढे बारा वर्षं त्याने रॉचेस्टर शहरात त्रासलेल्या, बिघडलेल्या म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी काम केलं.

तिथला एक प्रसंग त्याने स्वतः लिहून ठेवला आहे. एका दांडगट मुलाची आई त्याच्याकडे येत असे. आईने लहानपणी मुलाला मनापासून जवळ केलं नाही, हे त्याचं निदान होतं आणि ते तो परोपरीने तिला समजावून देत होता. अनेक भेटी झाल्या, काहीच हललं नाही. शेवटी दोघांनी मान्य केलं की आता थांबावं. बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि वळून म्हणाल्या, "तुम्ही इथे मोठ्या माणसांनाही भेटता का?" त्या परत येऊन बसल्या आणि आपल्या संसारातली निराशा, नवऱ्याशी बिनसलेलं नातं सांगू लागल्या. मुलाच्या चौकटीत बसवलेल्या त्या जुन्या माहितीपेक्षा हे सगळं निराळं होतं. कुठे दुखतंय हे त्या बाईला ठाऊक होतं, तज्ज्ञाला नव्हतं. रॉजर्सच्या पुढच्या साऱ्या विचाराचं बीज या प्रसंगात आहे.

पण शिकवण्याच्या दृष्टीने त्याचं दुसरं काम मला अधिक मोलाचं वाटतं. तोवर बंद दाराआड काय बोलणं होतं, हे बाहेर कोणाला कळतच नसे. गुरू जे सांगेल तेच शिष्याने खरं मानायचं. ओहायो स्टेट विद्यापीठात असताना रॉजर्सने अशा भेटी तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. १९४२ सालच्या आपल्या पुस्तकात त्याने एका माणसाच्या आठही भेटी, टोपणनाव वापरून, शब्दशः छापल्या. समुपदेशकाचं प्रत्येक वाक्य, चुकलेलं धरून, कोणालाही तपासता येऊ लागलं. शिकवण्याजोगी विद्या झाली ती इथून.

पुढे साठच्या दशकात अॅलन आयव्ही या प्राध्यापकाने कोलोरॅडोत आणखी एक पाऊल टाकलं. गायनाच्या क्लासात आधी एकेक पलटा घोटून घेतात, राग नंतर. तसंच त्याने केलं. समुपदेशनाचे छोटे छोटे तुकडे पाडले. आज फक्त नजर, बसणं आणि समोरच्याच्या विषयाला धरून राहणं, उद्या फक्त मोकळे प्रश्न, परवा फक्त ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगणं. प्रत्येक तुकड्याचं चित्रण करायचं, पाहायचं, पुन्हा करायचं. त्याच सुमारास मिशिगनमध्ये नॉर्मन केगन चित्रफीत मध्येच थांबवून विचारत असे, "या क्षणी तुझ्या मनात काय चाललं होतं?" विद्यार्थी सांगे, "त्या बाई रडल्या आणि मला पळून जावंसं वाटलं." आज टेपरेकॉर्डरच्या जागी मोबाइल आला आहे, एवढाच फरक. पद्धत तीच आहे.

मराठीत 'कसं वाटतंय?'

आपल्या विद्यापीठांत पुस्तकं बहुतेक इंग्रजी, आणि समोर बसणारी व्यक्ती मराठीत, कधी अहिराणीत, कधी मालवणीत बोलणार. ही अडचण अभ्यासक्रमाच्या कागदावर कुठे दिसत नाही, पण वर्गात पहिल्या आठवड्यातच उभी राहते. इंग्रजी पुस्तकातला विद्यार्थी पावलोपावली विचारतो, 'तुम्हाला कसं वाटतं?' मराठीत हे कोणा मावशींना विचारा. उत्तर येईल, "वाटायचंय काय त्यात? आहे हे असं आहे."

म्हणजे मावशींना काही वाटत नाही असं नव्हे. त्या म्हणतात, छातीत धडधडतं, डोकं जड होतं, जीव घाबरा होतो, पोटात खड्डा पडतो, अन्नावर वासना नाही, कशात जीव रमत नाही. आपली भाषा भावना शरीरातून सांगते. चांगला शिक्षक इथे पुस्तक मिटून विद्यार्थ्यांना फळ्यावर असे शब्दप्रयोग लिहायला लावतो. 'चिडचिड', 'तगमग', 'घालमेल', 'हुरहुर', 'कोंडमारा', 'घुसमट' या शब्दांतला फरक सांगा म्हटलं, तर पदवीधरांचीही गाळण उडते. तगमग आणि घालमेल एक नव्हे. ज्याला हा भेद कळत नाही, त्याने समोरच्याला 'तुम्ही दुःखी आहात' म्हणून भागत नाही.

'का' या प्रश्नाचंही तसंच. "तू असं का केलंस?" हे मराठीत चौकशीपेक्षा झाडाझडतीसारखं ऐकू येतं, कारण लहानपणापासून आपण ते तसंच ऐकलेलं असतं. म्हणून सराव असा असतो की, अख्खा तास 'का' न वापरता बोलायचं. "तेव्हा नेमकं काय झालं?" "त्याआधी काय चाललं होतं?" पंधरा मिनिटांत मुलं घामाघूम होतात.

मग 'तू' की 'तुम्ही' हा प्रश्न. बावीस वर्षांच्या मुलीसमोर पंचावन्न वर्षांचे गृहस्थ येऊन बसले, तर ते पहिल्या पाच मिनिटांतच विचारणार, "बाळ, तुझं लग्न झालंय का? मग तुला काय कळणार?" पाश्चात्त्य पुस्तकात याचं उत्तर नाही. चिडू नये, आणि आपल्या पदव्याही सांगू नयेत. "माझं लग्न झालेलं नाही. मला समजेल की नाही, अशी शंका तुम्हाला येणं बरोबर आहे. मी ऐकते, कुठे चुकले तर सांगा." एवढं सरळपणे म्हणता येणं, हेच कौशल्य. जेरार्ड ईगनच्या १९७५ साली आलेल्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात समोरासमोर बसावं, किंचित पुढे झुकावं, नजर द्यावी, असं सांगितलं आहे. त्याने स्वतःच बजावलं आहे की हे काही कडक नियम नव्हेत. आपल्या खेड्यातली सून अनोळखी पुरुषाने सरळ डोळ्यांत पाहिलं तर आक्रसूनच जाईल. तिच्यासाठी खुर्ची थोडी तिरकी ठेवलेली बरी.

आणि सहानुभूती व समानुभूती! परीक्षेत या दोहोंतला फरक सगळे बरोबर लिहितात. प्रात्यक्षिकात मात्र "अरेरे, बिचारी!" हेच तोंडातून निघतं.

तीन खुर्च्या

वर्गातला रोजचा सराव तिघांचा असतो. एक बोलणारा, एक ऐकणारा, एक नुसता पाहणारा. ठरावीक वेळाने जागा बदलायच्या. पाहणाऱ्याने टिपून ठेवायचं की ऐकणाऱ्याने किती वेळा मध्येच तोडलं, शांतता पसरल्यावर किती सेकंदांनी तोंड उघडलं. नवखा विद्यार्थी तीन-चार सेकंदांच्या शांततेनेही कासावीस होतो. बोलणाऱ्याला मात्र तेवढा वेळ हवा असतो. कारण मोठी गोष्ट सांगण्याआधी माणूस थांबतोच.

बोलणाऱ्याने खरी, पण लहान अडचण आणावी, असा दंडक आहे. त्यालाही कारण आहे. खोटी गोष्ट रचली तर नाटक होतं, ऐकणाऱ्याला काही शिकता येत नाही. आणि फार मोठी गोष्ट आणली तर? भाजीपासून सुरुवात होते आणि दहाव्या मिनिटाला अचानक लहानपणी घडलेलं काहीतरी भयंकर वर येतं. मुलगी हुंदके देऊ लागते, समोरचा वर्गमित्र गोरामोरा होतो, आणि घंटा वाजायला पाच मिनिटं असतात. हे पुष्कळ वेळा घडतं. अशा वेळी शिक्षकाने सराव तिथेच थांबवायचा असतो. त्या मुलीला बाहेर घेऊन बसायचं, पण स्वतः तिचा समुपदेशक व्हायचं नाही. वर्षाअखेर ज्याच्या हातात तिचे गुण असणार, त्याच्यापाशी ती मोकळी कशी होईल? म्हणून महाविद्यालयाबाहेरच्या एखाद्या अनुभवी व्यक्तीची सोय आधीच करून ठेवावी लागते. ज्या विभागात ही सोय नाही, तिथे हा सराव घेणं मला धोक्याचं वाटतं. वर्गात ऐकलेलं वर्गाबाहेर न्यायचं नाही, ही शपथ पहिल्या दिवशीच घेतली जाते. कँटीनमध्ये ती मोडते. मोडली की तो तिघांचा गट त्या वर्षापुरता संपला.

या वर्गांत येतं तरी कोण? नुकतीच बी.ए. झालेली मुलं असतातच. पण त्यांच्याबरोबर मुलं मोठी झाल्यावर पुन्हा शिकायला निघालेल्या गृहिणी, परिचारिका, निवृत्त शिक्षक, कारखान्यांतले अधिकारीही दिसतात. गंमत अशी की, सर्वांत जास्त त्रास शिक्षकांना होतो. तीस वर्षं चुका दुरुस्त केलेल्या माणसाला चूक ऐकून नुसतं "हं" म्हणणं म्हणजे शिक्षाच. घर सांभाळलेल्या बायका लवकर ऐकायला शिकतात, पण मध्येच उठून पाणी आणतात, खांद्यावरून हात फिरवतात, समोरचीचं रडू थांबवतात. रडू थांबवायचं नसतं, हे त्यांना फार उशिरा पटतं.

तोंडातून न निघणारं वाक्य

एका तासाला मात्र कोणीच हसत नाही. बोलणाऱ्याने म्हणायचं असतं, "आता सगळं आवरतं घ्यावंसं वाटतं. सगळ्यांना माझा त्रासच आहे." जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याचं पहिलं उत्तर एकच असतं, "छे छे, असं बोलू नये! मुलांकडे पाहा." त्यासरशी दार बंद होतं. ती व्यक्ती पुन्हा कधीच हा विषय काढणार नाही. त्या तासाला शिकवायचं असतं ते एक साधं वाक्य, "जीव द्यावा, असं मनात येतं का?" हे विचारल्याने समोरच्याच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत चुकीची असल्याचं अभ्यासांतून दिसून आलं आहे. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणसाला हायसं वाटतं. पण हे वाक्य तोंडातून निघत नाही. म्हणून प्रत्येकाला ते मोठ्याने म्हणायला लावतात, पुन्हा पुन्हा, आवाज कापायचा थांबेपर्यंत. पुढचे प्रश्नही तसेच. कसं करायचं ठरवलंय, साधन हाताशी आहे का, आज रात्री घरी कोण आहे.

कायद्याचीही उजळणी इथेच होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती अन्यथा सिद्ध होईपर्यंत तीव्र ताणाखाली होती असंच मानायचं असतं. तिला शिक्षा व्हायची नसते, तिला उपचार मिळायला हवेत. गुप्तता पाळायची, पण जिवाला धोका असेल तर ती मर्यादा ओलांडावी लागते. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'मी कोणाला सांगणार नाही' असं वचन पहिल्या भेटीत देऊन बसणारा समुपदेशक पुढे दोन्हीकडून अडकतो. म्हणून ही मर्यादा सुरुवातीलाच, सोप्या मराठीत सांगायची असते.

आपलं कुठे संपतं, हेही शिकावं लागतं. सतत थकवा, उदासी, कशातच लक्ष नाही, असं सांगणाऱ्या बाईंच्या दुखण्याचं मूळ थायरॉइडमध्ये किंवा रक्तक्षयातही असू शकतं. कानात आवाज ऐकू येणाऱ्या मुलाला मानसोपचारतज्ज्ञ हवा. चिठ्ठी लिहून योग्य जागी पाठवता येणं, यालाही गुण ठेवलेले असावेत. सगळीकडे ते नसतात.

साठ मुलं, एक शिक्षक

आता थोडं हिशेबाचं. साठ विद्यार्थ्यांचा वर्ग असेल, तर तिघांचे वीस गट झाले. तासाची साठ मिनिटं. शिक्षकाच्या वाट्याला प्रत्येक गटापाशी तीन मिनिटं येतात. तीन मिनिटांत पोहायलाही शिकवता येत नाही. मग होतं काय, की 'मोकळे प्रश्न म्हणजे काय ते सोदाहरण स्पष्ट करा' असा लेखी प्रश्न येतो, विद्यार्थी तो पाठ करून लिहितो आणि पहिल्या वर्गात पास होतो. अशा अभ्यासक्रमाला मानसशास्त्राचा अभ्यासक्रम खुशाल म्हणावं. समुपदेशन कौशल्याचा म्हणू नये.

याचं गांभीर्य एवढ्यासाठी की, ही माणसं पुढे खरोखरच कोणाच्या तरी आयुष्यात जाऊन बसतात. १९८४ च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालयांत समुपदेशकांची तरतूद झाली. एड्सच्या तपासणी केंद्रांतून समुपदेशक आले, शाळांतून आले. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ उभी राहिली. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी वाचकांपर्यंत आणली. टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ साली फोनवरची सेवा सुरू केली, आणि केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालते. फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसापाशी ना खुर्ची, ना चेहरा, फक्त कान असतो.

कायद्याची बाजू मात्र बरीच वर्षं लंगडी होती. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखाली होते. साध्या समुपदेशकाला असं काही बंधन नव्हतं. दोन दिवसांचं शिबिर करून पाटी लावणारेही होतेच. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या यादीत वर्तन-आरोग्याचे व्यवसाय आले. त्याच धाग्याने विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासारखे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने देण्यास मनाई केली. घरकाम सांभाळून शिकणाऱ्या अनेकींची त्यामुळे पंचाईत झाली, हे खरं. तरीही समोर माणूस बसलेला नसताना ही विद्या पुरती शिकता येते, असं मला वाटत नाही.

आपल्या घरातलं कोणी या शिक्षणाला जाणार असेल, तर फीपेक्षा आधी दुसऱ्या गोष्टी विचारा. वर्गात किती जण? प्रत्यक्ष माणसांबरोबर किती तास, आणि ते काम तपासून देणारं कोण? शिकवणारे स्वतः अजून माणसांना भेटतात का, की पंधरा वर्षांपूर्वी सोडलं? विद्यार्थी खचला तर त्याने जायचं कुठे? कार्यालयातला कारकून या शेवटच्या प्रश्नाने गोंधळला, तर जे कळायचं ते कळलंच.

जिथे हे सगळं मन लावून करतात, तिथली अंतिम परीक्षा निराळीच असते. समोरच्याच्या परवानगीने ध्वनिमुद्रित केलेली एक भेट विद्यार्थ्याने आणायची, ती शब्दशः लिहून काढायची, आणि डाव्या बाजूला संवाद, उजव्या बाजूला आपल्या प्रत्येक वाक्यावर आपलीच टीका लिहायची. गुण भेट किती छान झाली याला कमी, टीका किती प्रामाणिक आहे याला जास्त. अर्ध्या तासाची भेट उतरवायला तीन-चार तास लागतात. रात्री घरची जेवणं आटोपल्यावर, कानाला यंत्र लावून, पुढे-मागे करत हे चालतं. आणि वर्षभर शिकूनही आपली किती वाक्यं 'पण' या शब्दाने सुरू झाली, ते तेव्हा कागदावर दिसतं.